मिस ॲबर्नथीला पत्र

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. मारेनने तो उचलला आणि वाचू नये ते वाचलं. ‘प्रिय मिस ॲबर्नथी, ऑक्टोबरात तुमच्याकडे येऊन गेलो, तेव्हापासून दुसरं काही मनात भरतच नाही...’

शाळा सुटल्यावर ती डुलुथच्या वाचनालयात काम करायची. काउंटरपलीकडे एक उंच, गोंधळलेला मुलगा उभा होता. टोपीवरचा बर्फ तसाच.

“कोण ही भाग्यवान?”

“अगं, कॉलेजात प्रवेश देणाऱ्या बाई आहेत त्या!” वेस्ली कानापर्यंत लाल झाला. “डिसेंबरात हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मार्चमध्ये बघू म्हणे. तोवर आपलं मन बदललं नाही, हे कळवत राहायचं असतं.”

“मग इतकं रडकं कशाला लिहिलंस? बस. अर्धं कापते.”

तेव्हापासून तो दर गुरुवारी यायला लागला. पत्राचं निमित्त, मग गरम कोको, मग नुसत्याच गप्पा... मारेनच्या मेसेजला उत्तर यायला संध्याकाळ व्हायची. कॉलेजचा मेल आला की मात्र साहेब बर्फात उभे राहून, हातमोजा दातांनी ओढून तो उघडणार!

एखाद्या कॉलेजवर कोणी जळतं का? मारेन जळत होती. माहितीपत्रकातल्या लाल मेपलवर, त्याखाली हसणाऱ्या मुलींवर, कधी न पाहिलेल्या ॲबर्नथीबाईंवरसुद्धा.

फेब्रुवारीअखेर त्याने शेवटचं पत्र आणलं. नवे मार्क होते, स्की शर्यतीतलं बक्षीस होतं. फक्त ‘प्रवेश दिलात तर नक्की येईन’ हे वाक्य नव्हतं. ते वचन एकाच कॉलेजला द्यायचं असतं, आणि त्याच्याशिवाय बाकीच्या पत्राला काडीची किंमत नाही, हे शाळेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. ती गप्प बसली असती तर तो कदाचित इथेच राहिला असता. गावातल्या कॉलेजात, दोन बसथांब्यांवर.

“छान आहे,” म्हणत तिने कागद परत दिला. तो दारापर्यंत पोचला...

“अरे, थांब! मुख्य वाक्य कुठंय?”

“काढलं.”

“डोकं ठिकाणावर आहे का?”

“जानेवारीत ते खरं होतं गं,” तो हळूच म्हणाला. “मग दर गुरुवारी थोडं थोडं खोटं होत गेलं.”

किती आठवडे ती हेच ऐकायला आसुसली होती! आणि आता आनंदाबरोबर तिला सपाटून रागही आला. तिने कागद ओढून घेतला आणि पेन्सिलने ते वाक्य स्वतः लिहिलं.

“माझ्यासाठी हे सोडलंस, तर ती बाई जन्मभर आपल्या मध्ये बसेल. मला नाही चालायचं. जायचं होतं ना तुला? मग जा.”

“आणि तू?”

“मला वेगळं लिही. एक पान. रडकं नको.”

“उत्तर कधी मिळेल?”

“मी मार्चपर्यंत लटकवत नाही कुणाला.”

वेस्लीने प्रिंटरमधला कोरा कागद घेतला, काउंटरवर टेकवला आणि एकच ओळ लिहून तिच्यापुढे सरकवली. ‘प्रिय मारेन, कितीही लांब असलो तरी तू बोलावलंस की नक्की येईन.’

पेन्सिल मारेनच्या हातातच होती. तिने एकही शब्द कापला नाही.