दुसरी बॅटरी

"नर्सबाई, तुमी जीप ढकलताय, का जीप तुमाला?"

रंजितानं घाम पुसत मागं पाहिलं. मुरबाडच्या शेअर जीपमधून एक तरुण उतरला होता; मांडीवरचं लेकरू उतरवावं तशी जुनी बॅटरी हातांत घेऊन. हसला मेला... आणि हसताना बरा दिसत होता, हेच जास्त चीड आणणारं!

झालं होतं असं, की सिद्धगडाखालच्या पाड्यांवर संस्थेचा फिरता दवाखाना महिन्यातून तीन दिवस मुक्कामाला असायचा. पोरांच्या लसींसाठी जीपमध्ये छोटा फ्रिज. आमच्या नर्सबाईंनी तो रात्रभर जीपच्याच बॅटरीवर चालवला! सकाळी जीप ठप्प, फ्रिज कोमट, लसी वाया. त्या तरुणानं, म्हणजे बॅटरीवाल्या दीपेशनं, आपली बॅटरी जोडून जीप चालू करून दिली. पण संस्थेनं बजावलंच, पुन्हा असं झालं तर मुक्काम बंद. मग पाड्यावरच्या बायांनी कडेवर पोर घेऊन मुरबाड गाठायचं.

दोन दिवसांनी ती मुरबाडच्या बाजारातल्या त्याच्या दुकानात हजर.

"जनरेटर घेऊ का?"

"त्याला तेल पाजता पाजता संस्था विकाल. आन् त्याच्या आवाजानं पोरं सुईआधीच रडतील."

"मग सोलर?"

"झकास! पण किंमत ऐकून तुमालाच सलाईन लावाया लागंल."

"थट्टा पुरे हं... परवडेल असं सांगा."

"दुसरी बॅटरी. ट्रॅक्टरची जुनी हाय, पण दमदार. जीप पळंल तेव्हा दोन्ही चार्ज. थांबली, की हा खटका खाली... फ्रिज दुसरीवर. जीपच्या बॅटरीला हात नाय लावायचा. फ्रिज सावलीत ठेवा, सारखा उघडू नका." मग मान खाली घालून म्हणाला, "आन् दर पंधरा दिवसांनी पाणी घालाया आणा. ते... मलाच जमतं."

पुढच्या मुक्कामात तिसऱ्या दिवशीही फ्रिज गारेगार होता. पाड्यावरच्या सकुबाईच्या नातवानं सुई टोचताच भोकाड पसरलं, तर रंजिता आनंदानं हसत सुटली. सकुबाई म्हणाली, "या पोरीला झालंय तरी काय गो?"

झालं होतंच! दर पंधरा दिवसांनी दुकानात जायचं, कटिंग चहा घ्यायचा, तो बॅटरीची झाकणं उघडत असताना त्याच्याकडे चोरून बघायचं... त्या कामाला त्याला अख्खा तास लागायचा.

एकदा ड्रायव्हर सावळारामकाका म्हणाले, "पाणी? ते मी वीस वर्षं घालतोय गो. पाच मिनटांचं काम!"

रंजिताचे कान तापले. लबाड! आधी राग आला, मग हसू. पण आता जायला कारणच उरलं नव्हतं. जावं तर बाजार बोलणार, न जावं तर जीव राहीना.

पुढच्या पंधरवड्यात ती दुकानात गेली. एकटी, पायी. दीपेशनं तिच्या मागं डोकावून पाहिलं.

"जीप?"

"बॅटरीत पाणी घातलं. कालच. मीच."

त्याचा चेहरा पडला. "मंग... कळलं तुमाला. खोटं बोललो मी. तुमी यावं म्हणून—"

"माहितेय."

"मंग आज... काय काम काढलं?"

"काम नाही." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पण नजर हटवली नाही. "आज नुसतीच आलेय."

दीपेशनं धुतलेल्या शर्टाच्या बाहीनं स्टूल पुसलं. "रंजिता," तो म्हणाला, पहिल्यांदाच, "बस ना."

ती बसली.