टोस्टचा वास

क्लॅरी हॉबडेची एक गाय सकाळपासून लाळ गाळत होती. दुपारी चाचणीचा निकाल आला: लाळ्या-खुरकूत. विराबीनच्या खोऱ्यात तो रोग एकाच जागी होता, त्याच्या कुंपणापलीकडच्या प्रयोगशाळेत, तोही बंद खोलीत.

"उना, वाऱ्यावरून आला असेल तर खोऱ्यातली सगळी गुरं गोळ्या घालून मारणार," तो म्हणाला. "कुणी अंगावरून आणला असेल, तर फक्त माझी."

उना क्विल्टी त्याची जुनी मैत्रीण, धंद्याने गुप्तहेर. ती क्लॅरीला घेऊन तडक प्रयोगशाळेत शिरली. बोळात पहारेकरी मर्व्ह टोस्ट करपवत होता.

"क्लॅरी, आज दुधाचा कॅन नाही?"

"माझी गाय मरायला टेकलीय, नि तुला दुधाचं पडलंय!"

ही इमारत बांधणारा इंजिनियर नेव्हिल प्रॉसर हवेच्या दाबमापकापाशी उभा होता. "हवा या बोळातून आतच ओढली जाते, बाहेर येतच नाही. म्हणून इथे बूटही बदलावे लागत नाहीत. काटा बघा, बरोबर खुणेवर."

उनाने आतलं दार उघडलं, लावलं. काटा जागचा हलला नाही.

"बघितलंत? पक्कं काम!"

कपडे बदलायच्या खोलीतून आत काम करणाऱ्या डॉक्टर हेस्टर बाहेर आल्या. "बाहेर सोडलेली हवा गाळणारी छपरावरची गाळणी मी सकाळीच तपासली. शाबूत आहे. आणि मर्व्ह, आभार हं! तुझ्या टोस्टचा वास आत येऊन डोकं उठायचं. या आठवड्यात सुटका झाली."

"मी कसला सुधारतोय? रोज करपवतोच की!"

उना वळली. "मग वास आत का गेला नाही? कारण हवाच आत जात नव्हती. दार उघडलं की दाब बदलतो, काटा थरथरायलाच हवा. नेव्हिल, काटा तू चिकटवलास."

नेव्हिलचा चेहरा पांढराफटक पडला. "पंखा मंदावला होता. तपासणी तोंडावर आली होती. माझंच काम, माझीच नाचक्की... वाटलं, दोन दिवसांत दुरुस्त करीन."

"गाळणी शाबूत, म्हणजे आतली हवा फक्त या बोळात आली. वाऱ्याने काही गेलं नाही. खोरं वाचलं," उना म्हणाली.

क्लॅरीने सुस्कारा सोडला. "मग माझ्या गाईपर्यंत नेलं कोणी? आत जाणारी माणसं नियमाप्रमाणे आठवडाभर गुरांजवळ फिरकत नाहीत. मर्व्ह तर गाईला बघून पळतो!"

उनाची नजर क्लॅरीच्या बुटांवर होती.

रोज सकाळी तो इथे दूध द्यायचा, मर्व्हसोबत टोस्ट खायचा आणि तसाच गोठ्यात जायचा.

क्लॅरी मटकन खाली बसला आणि बूट काढू लागला. नाडीची गाठ सुटेना.