एका नावाच्या दोघी

दाढ काढायला म्हणून बाईंनी अर्धा दिवस रजा टाकली, आणि तेवढ्यात हे होऊन बसलं. एरवी बाई रजा घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. ग्रंथालयात लागल्यापासून त्यांच्याकडे एकच काम होतं, नावं सांभाळायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, नावांत काय सांभाळायचं? पण एकच लेखक एका पुस्तकावर पूर्ण नाव लावतो, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, तिसऱ्यावर टोपणनाव. वाचकाला तो एकाच जागी सापडावा म्हणून त्याची एक अधिकृत नोंद करायची आणि बाकीची नावं तिला जोडून द्यायची. उलट एकाच नावाची दोन माणसं निघाली, तर जन्मसालावरून, गावावरून त्यांना वेगळं ठेवायचं. एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर जाता कामा नये. पुराव्याशिवाय बाई कोणाचं जन्मसालसुद्धा लिहीत नसत. "मी मेलोय असं माणसानं स्वतः येऊन सांगितलं तरी मी आधी कागद बघेन," असं म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

अशा या बाईंनी एकच नोंद कोरडी ठेवली होती, ती स्वतःची. मुलगी लहान असताना तिला झोपवायला सांगितलेल्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक त्यांनी हौसेनं छापून घेतलं होतं, तेही माहेरच्या नावानं. पुस्तक काही खपलं नाही. त्याची एक प्रत फिरत फिरत ग्रंथालयात आली, तेव्हा बाईंनी गुपचूप नाव आणि शीर्षक भरलं आणि नोंद बंद केली. ना जन्मसाल, ना टीप. कचेरीत कोणाला पत्ता लागू दिला नाही. आपणच आपला काय पुरावा द्यायचा, लाज वाटली त्यांना.

तर दाढ काढून, गालात कापूस धरून बाई दुपारी परतल्या. सुट्टी घेऊन घरी पडायचं, पण त्यांना चैन पडेना. शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, ती खुशीत होती.

"बाई, आज मोठं काम उरकलं. एकाच लेखिकेच्या दोन नोंदी होत्या, एक करून टाकल्या."

"कोणाच्या?" बाईंनी कापसातून विचारलं.

धाकटीनं नाव सांगितलं. बाईंचं माहेरचं नाव.

बाईंनी खुर्ची ओढली आणि पडद्यावर नोंद उघडली. वर नाव. त्यापुढे जन्मसाल, बाईंचंच. त्यापुढे मृत्युसाल, गेल्या वर्षीचं. खाली मुलांसाठीची पाच पुस्तकं, बाईंनी कधी हातातही न घेतलेली. आणि त्यांच्या शेवटी ते पातळ पुस्तक, मुकाट्यानं येऊन बसलेलं.

"त्यांचा मुलगा आला होता," धाकटी सांगत होती. "म्हणाला, आईची पाच पुस्तकं एकीकडे आहेत आणि सहावं एकटंच पडलंय. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, सगळं आणलं होतं. त्या गोष्टी तर त्याला तोंडपाठ. पाठ असणं हा पुरावा नाही हे कळतं मला. पण नाव एक, पुस्तकावर छापलेलं गावही एक, आणि त्या दुसऱ्या नोंदीत विरुद्ध जाईल असं काही नव्हतंच की."

"ते पुस्तक माझं आहे," बाई म्हणाल्या.

धाकटी हसली. मग तिनं बाईंकडे नीट बघितलं. "मग तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?"

बाईंनी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. चूक झाली होती, चूक दुरुस्त होते, रोजचंच काम. तरी त्या मृत्युसालावरून नजर हटेना.

"तो अजून आत बसलाय," धाकटी हळूच म्हणाली. "तुमचं ते पुस्तक घेऊन."

वाचनकक्षात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. जुन्या कागदाचा कोंदट वास होता, आणि पंखा दर फेरीला किंचित अडखळत होता. खिडकीपाशी एक तिशीतला माणूस बसला होता. समोर पुस्तक बंद, त्यावर पालथा हात. बाई समोर बसल्या. बोलायचं काय ते येताना ठरवलं होतं, ते सगळं विसरलं.

"हे पुस्तक तुमच्या आईंचं नाही," त्या म्हणाल्या. "नाव एक आहे, पण माणसं दोन. मी लिहिलंय हे."

तो रागावला नाही. नुसता बघत राहिला, समजूत काढायची असल्यासारखा. "आई रोज सांगायची मला यातल्या गोष्टी. छत्रीची तर रोजच."

"छापलेल्या आहेत. कोणीही सांगेल."

"छापलेली नाही. तिच्या पुढची."

पंख्याची एक फेरी गेली.

"छापलेली छत्री घरी पोचते आणि संपतं," तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "पण पुढे ती दाराआड उभी राहते. रात्री घरातल्यांचे श्वास मोजते. एक कमी भरला, तर पाऊस नसतानाही उघडते..."

बाईंच्या जिभेला रक्ताची चव लागली. हे त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं. मुलगी छापल्या शेवटावर समाधान मानेना म्हणून अंधारात, पाठीवर थोपटत थोपटत त्यांनी हे रचलं होतं. त्या खोलीत दोघींशिवाय तिसरं कोणी नव्हतं.

"आणि मी विचारायचो, एक जास्त भरला तर..."

"पुरे," बाई म्हणाल्या.

"तर गप्प राहते. म्हणते, आलाय तो आपलाच असेल."

हेही खरं होतं. मुलीनं विचारलं होतं आणि बाईंनी अगदी हेच उत्तर दिलं होतं. बाई उठल्या. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज त्यांनाच केवढा तरी मोठा वाटला. बाहेर जिन्यापाशी येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. हल्ली दोघींचं बोलणं तब्येत आणि हवापाणी यापलीकडे जात नसे. बाई स्वतःला समजावत, लहानपणी गोष्टी सांगितल्या आहेत, तेवढं तर तिच्यापाशी राहील.

"छत्रीची गोष्ट आठवते का गं तुला?"

"कुठली छत्री?"

"झोपताना सांगायचे ती."

"आई, तू कुठे गोष्टी सांगायचीस? तू दमून यायचीस आणि पडायचीस. मला बाबा झोपवायचे. तोंडात काय आहे तुझ्या, नीट कळत नाहीये."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. बाईंनी कठडा घट्ट धरला. आयुष्यात इतकं भ्यायल्याचं त्यांना आठवेना. पुस्तक गेलं असतं तर त्यांनी हात झटकले असते. पण त्या अंधाऱ्या खोलीतली मुलगी गेली होती, तिचे पाय आपल्या पोटात, तिचे केस आपल्या हनुवटीखाली, ते सगळं त्या परक्या बाईच्या पदरात जाऊन पडलं होतं.

त्या जवळजवळ धावतच टेबलाशी आल्या. धाकटीनं काही विचारायच्या आत नवी नोंद उघडली. माहेरचं नाव घातलं, सासरचं नाव त्याला जोडलं, जन्मसाल टाकलं आणि गावाच्या जागी गाव. जन्मसाल आणि गाव दोघींचं एकच, म्हणून स्वतःच्या नावापुढे "ग्रंथालय कर्मचारी" असंही लिहिलं. आधाराच्या रकान्यात बोटं अडली. मग लिहिलं, लेखिकेनं स्वतः सांगितल्यावरून. इतक्या वर्षांत असा आधार त्यांनी कोणाचाही मानला नव्हता. पातळ पुस्तक त्या पाचांतून काढून नव्या नोंदीखाली आणलं. क्षणभर त्यांना त्या मेलेल्या बाईची दया आली. मग त्यांनी कळ दाबली.

पाच पुस्तकं आणि मृत्युसाल एकीकडे राहिलं. दुसरीकडे बाई आणि त्यांचं एक पुस्तक.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"झालं."

धाकटी वाचनकक्षाकडे वाकून बघून आली. "तो गेला वाटतं. पुस्तक टेबलावरच ठेवून गेलाय. सांगूनसुद्धा गेला नाही."

बाईंनी गालातला कापूस काढून टाकला. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती.

"आई, मघाशी असं काय विचारलंस? छत्रीची गोष्ट आठवते का म्हणे. कोण विसरेल? श्वास मोजणारी छत्री. मी तर कितीतरी दिवस दाराआड बघायला घाबरायचे."

बाईंचे डोळे भरून आले. इतकं हायसं वाटलं की धाकटीसमोर रडू आलं तरी त्यांनी लपवलं नाही.

"तू थोपटायचीस ना, ते पण आठवतं," मुलगी म्हणत होती. हसत होती. "मी मध्येच झोपायचे आणि शेवट त्यालाच ऐकायला मिळायचा."

"कोणाला?"

"कोणाला काय? दादाला. आत्ताच आलाय, इथेच बसलाय. थांब, देते."

बाईंना एकच मूल होतं. एकुलती एक मुलगी. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि हे त्या मनात घोकत होत्या, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर ऐकू येत होती तोवर.

"आई?" पलीकडून आवाज आला. शांत, जरासा खालच्या पट्टीतला.

फोन ठेवायला हवा होता. बाईंनी तो कानाला आणखी घट्ट धरला.

"जेवलास का रे?" त्या म्हणाल्या.