खोलीत दुसरं कोणी नको

एकटं राहणं मला नवंच होतं. आष्टीच्या आमच्या घरात अकरा माणसं, त्यातली दोन पोरं माझ्याच पांघरुणात. म्हणून सावंगीला नर्सची नोकरी लागून अन्नपूर्णाकाकूंच्या घरातली वरची खोली भाड्यानं मिळाली, तेव्हा पहिल्या दिवशी मी दाराला कडी लावून नुसती हसत बसले होते.

आता आयर्लंडला जायचं होतं. इंग्रजी बोलण्याची परीक्षा घरूनच, लॅपटॉपसमोर. खोलीत दुसरं कोणी दिसलं तर परीक्षा रद्द, आणि यंदाची भरतीही हातची जाणार. सरावाला विषय आला तो एकटेपणाचा. क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं, दरवेळी 'लोनली' म्हणू नकोस, त्यात रडगाणं येतं. 'आय लिव्ह बाय मायसेल्फ' म्हण, 'आय एन्जॉय माय ओन कंपनी' म्हण. ड्युटीवरून आले की खिडकीशी उभी राहून मी हीच वाक्यं घोकायचे. शेजारचा कुत्राही एव्हाना इंग्रजीत भुंकत असेल.

बुधवारी काकू जिन्यात थांबलेल्या दिसल्या.

"तुह्यासंग कोन बाई हाय वो?"

"कोनी नाई काकू. मीच अभ्यास करून राह्यली."

"मंग तुले प्रश्न कोन इचारते?"

मी तर फक्त उत्तरं म्हणत होते. प्रश्न कधी मोठ्यानं वाचलेच नव्हते. रस्त्यावरचं काहीतरी ऐकलं असेल काकूंनी, म्हणून सोडून दिलं. पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर राहिना. एक वाक्य संपलं की पुढचं म्हणायच्या आधी मी उगाच थांबू लागले.

शुक्रवारी काकू संक्रांतीचं हळदीकुंकू घेऊन वर आल्या. मला कुंकू लावलं, वाण दिलं. मग पुन्हा चिमूट भरली आणि माझ्या मागे, भिंतीकडे वाकल्या. "तू बी लावून घे वो," म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

मी वळून पाहिलं. पलंग, भिंत, चार्जरची वायर. खाली बसून फरशी हातानं चाचपली. कुंकवाचा कणसुद्धा सांडलेला नव्हता. मी घाबरले, आणि खरं सांगते, त्याहून जास्त चिडले. जन्मात पहिल्यांदा मिळालेली माझी स्वतःची खोली होती ती.

रविवारी दुपारी कडी लावली. नियमाप्रमाणे लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवल्या आणि खुर्चीत बसले. स्क्रीनवरची परीक्षक बाई बराच वेळ बघत राहिली.

"प्लीज आस्क द अदर लेडी टू लीव्ह."

"आय अ‍ॅम अलोन, मॅम."

"शी इज राइट बिहाइंड यू."

मी मागे पाहिलं. कोणी नव्हतं.

ती बाहेर गेली नाही तर परीक्षा रद्द करावी लागेल, असं परीक्षक शांतपणे म्हणाली. दोन वर्षांची मेहनत डोळ्यांसमोर पाण्यात चालली होती.

मी भिंतीकडे तोंड केलं.

"बाई, हात जोडतो तुले. जरा वेळ खाली जाय."

काही हललं नाही. कडी होती तशीच होती.

"थँक यू," परीक्षक हसली. "नाऊ, हू डू यू लिव्ह विथ?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला.

"बस वो बाई. तिचं होऊ दे, मंग जाजो वर."