रुखमाबाईचा तिसरा अंक

कागद फाडू नोको गा, कुलदीप. मघापासून पाहून राह्यलो मी. दोन ओळी लिवतं आन शेकोटीत टाकतं. डोकं चालत नाई म्हने! तुह्या डोक्याले काई धाड भरली नाई. खोटं लिवाले हात धजत नसन. बसा रे तुमीबी सारे. पडदा उघडाले टाइम आहे आजून. आन हे आयकीव नाई, माह्या या वाजवाच्या पेटीवर झालेलं आहे.

तीन वर्सं झाले. वडशाची हीच आपली नाटक कंपनी, लेखक होता प्रफुल. नाटक लिवून राह्यला होता रुखमाबाईवर. आरमोरी रोडवरच्या गावची बाई. चैतात मोहाचे फुलं वेचाले गेली आन वाघानं नेली. त्या दिवशी सकाळी नवऱ्यासंग भांडन झालं होतं, म्हून गावानं ठरोलं का बाई मराले गेली. प्रफुलनं तेच उचललं. तिसऱ्या अंकात बाई वाघापुढं हात जोडते, "घे मले, सोडव," म्हनते, आन पब्लिक ढसाढसा रडते. दुसऱ्याच्या मरनावर टाळ्या घेनं लय सोपं असते गा! मले आजही राग येते त्याचा.

पन ती ओळ लिवली का प्रफुलचा पेन थांबे. पुढचा शब्दच नाई. पोस्टर लागले, भाऊबीजेचा पहिला खेळ ठरला, तरी तिसरा अंक अर्धाच. तालमीत रुखमाबाईची पोरगी आली, खुशबू. तरनी पोरगी, पन आवाज कसा, विस्तवावानी.

"माही माय मराले नाई गेली. टोपलं घेऊन मराले जाते का कोनी? बदला ते."

"बाई, हे नाटक आहे," प्रफुल म्हने.

"तुमी होते का तिथी?"

प्रफुलचं तोंड उतरलं. मले वाटलं, पोरीपुढं लाजला.

मंग आली लक्ष्मीपूजनाची रात. अमावस. माही पेटी आरमोरीले दुरुस्तीले टाकली होती. मालकानं प्रफुललेच धाडलं, म्हने हवा खाऊन ये, डोकं मोकळं होईन. मी सांगतलं, "जंगलातल्या मोडीवर, त्या वळनावर, रुखमाबाईच्या गोट्यायचा ढीग आहे. एक गोटा ठेवजो." आपल्याकडं वाघानं नेलेल्या जागी येता-जाता सारेच ठेवते, तुमाले मालूम आहे.

"मी तिथी थांबत नाई, बापूजी."

"काऊन?"

गाडीले किक मारली. गेला.

आरमोरीत पेटी घेतली, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दोरीनं आवळली आन निघाला वापस. गावागावात दिवे, पोरं फटाके फोडून राह्यले. मंग जंगल लागलं. फटाके मागं राह्यले.

पेटीनं श्वास घेतला.

हं...

त्याले वाटलं, खड्डा. पन पुढं रोड चांगला होता.

हं...

भाता पट्ट्यानं बांधला होता गा. हवा जाईनच कशी?

मोडीवर गाडी बंद पडली. किक मारली. नाई. लाइट गेला. काई दिसे ना. मागं फक्त पेटी. हं... हं... हं... धावून दमल्यावानी. आन वास आला. मोहाचा. दिवाळीत मोहाचा वास!

त्यानं चाचपत खालचा गोटा उचलला. ढिगावर ठेवाले गेला.

"ठेवू नोको."

...

"हात जोडले मी?"

गोटा प्रफुलच्या हातातच राह्यला.

"बोल. हात जोडले?"

...

"टोपलं फेकून मारलं त्याले. शिव्या देल्या. बोंबलली मी. रोडवर गाडी आयकली. थांबली..."

हं...

"मंग गेली."

...

"कोनाची होती रे?"

अर्ध्या राती गाडी ढकलत आला पोरगा. पेटी सोडली नाई, पानी पेला नाई. माह्यापुढं बसला आन म्हने, "मीच होतो, बापूजी. आवाज आयकला. थांबलो. आन पळालो." मी त्याच्या कानाखाली ठेवून देली. देवाशपथ, आजही हात शिवशिवते. म्हटलं, आता रडू नोको, लिव.

लिवलं त्यानं. उजाडेपर्यंत पेन उचलला नाई. महिनाभर अटकलेला अंक, एका बैठकीत. बाई टोपलं फेकते, शिव्या देते, हाका मारते. रोडवर मोटारसायकल थांबते, आन निघून जाते. नुसता पेननं नाई सुटला तो. गाडीवाल्याचं काम करालेबी तोच उभा राह्यला.

पहिल्या खेळाले कोनी रडलं नाई. पब्लिक उठून उभी राह्यली, गाडीवाल्याले मायबहिनीवरून शिव्या देल्या. स्टेजवर चप्पल आली, त्याच्या छातीले लागली. पडदा पडेपर्यंत हालला नाई. चप्पल खुशबूची होती. एक पाय अनवानी ठेवूनच गेली पोरगी घरी. दुसऱ्या दिवसापासून गावात कोनी म्हनलं नाई का रुखमाबाई मराले गेली.

पेटीचं राह्यलं सांगाचं. त्या खेळाच्या आधी मीच दोरी सोडली. गाठी जशाच्या तशा होत्या. पट्टा काढला, झाकन उचललं. आत मोहाचे फुलं. मूठभर. ओले. चैताले आजून पाच महिने होते.

तवापासून दर भाऊबीजेले तसंच. मी झाडून काढतो, पेटी पुसतो, बांधतो.

आज भाऊबीज आहे. हे काल माह्या हातानं मारलेली गाठ, पाह्य. सोड ती, कुलदीप. सोड नं, भेते काऊन? तुह्या गोष्टीत कोन पळालं ते मले मालूम नाई. तुले आहे.

उचल झाकन.

...

हात लाव. ओलं आहे का नाई?