पांढरधारेची काळी ओल

पांढरधार अजून वाहते का, हे बघायला आम्ही तिघं निघालो होतो. आणि खरं सांगू? ही सगळी माझ्या तोंडाची करणी!

वक्तृत्वात पहिला नंबर आला नि मी हवेतच गेले. भर सभेत म्हणून टाकलं, "आमच्या तांड्यामागचा धबधबा दिवाळीतही वाहतो! सहल तिकडंच न्या!" सरांनी लगेच रविवार ठरवला. नववीची चाळीस मुलं!

घरी देविदासकाकांनी कपाळाला हात लावला. "अगं, दोन सालं झाली, दसऱ्यालाच आटते ती! आदी इचारलं काहून न्हाई?"

ते २००४ साल. पूर्वी नांदेडहून, हिंगोलीहून जीपा भरून लोक धार बघायला यायचे आणि काका त्यांना वाट दाखवायचे. पण पाऊस महिनाभर उशिरा यायला लागला, ऊन दिवाळीपर्यंत रेंगाळायला लागलं, आणि जीपा बंद झाल्या. "वर कड्याखाली असंल तर असंल थोडं," काका म्हणाले. त्या 'थोड्या'वर माझी सगळी लाज टांगलेली होती.

शुक्रवारी सुट्टी होती. माझी मैत्रीण जाई बाळापूरहून पहाटेच्या गाडीनं आली. तिचे वडील तिथल्या देवळात पुजारी. त्यांचा कॅमेरा तिच्या गळ्यात होता.

"धार नसेल तर तुझा फोटो काढते," ती म्हणाली. "तोंडाचा धबधबा!"

कोरड्या नाल्यातून आम्ही चढत राहिलो. सागाची मोठाली पानं पायाखाली करकर वाजत होती, आणि जिथं मी लहानपणी गळ्याइतक्या पाण्यात डुंबले होते त्या डोहाच्या तळाशी चिखलाला भेगा पडल्या होत्या. एक पाखरू बोलत नव्हतं. पुढं दोन्हीकडचे कडे जवळ येत गेले. वाट एवढी अरुंद, की मागं वळून पळायचं म्हटलं तरी एकानंतर एकच पळता येईल. हा विचार मला का आला कोण जाणे!

आणि मग कडा दिसला. डोक्यावर, उंच, बाहेर झुकलेला. त्याच्या पोटाखाली पाच-सहा काळे पट्टे होते. चमकणारे. ओले!

"ओल! काका, ओल आहे!" मी ओरडले.

काकांचे डोळे भरून आले. आमच्या तांड्याची रीत अशी, की आटलेलं पाणी पुन्हा सापडलं तर आधी भोग लावायचा, मगच घोट घ्यायचा. काकांनी पिशवीतून गोवरी काढून पेटवली, निखाऱ्यावर तूप-गूळ सोडलं. "सेवाभाया, लेकराची लाज राखलीस," ते तांड्याच्या देवाचं नाव घेऊन पुटपुटले. धूर सरळ वर चढला. जाईनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"पुजा," ती हळूच म्हणाली, "ओल हलतेय."

मी वर पाहिलं. काळ्या पट्ट्यावरून एक लाट सरकली. मग दुसरी. मग अख्खा पट्टा कड्यावरून सुटला!

"आग्यामोहोळ!" काका किंचाळले. "पळा! कपारीत!"

पूर्वी पाण्याचे तुषार कड्याला भिजवायचे, तेव्हा तिथं एक माशी टिकत नसे. आता हजारो होत्या! कानात नुसती घरघर. मानेवर निखारा. डोळ्यावर निखारा. जाई जागीच हात झाडत ओरडत होती. मी तिची वेणी धरून ओढली. काकांनी डोक्याचा पटका सोडून आम्हा दोघींवर टाकला आणि आम्हाला कड्याच्या चिरेत ढकललं. ते मात्र उघडेच राहिले!

आत अंधार. गुडघ्याखाली गार. पाणी! करंगळीएवढी धार चिरेतून झिरपत होती. आणि चिरेच्या तोंडाशी, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, माश्या ओळीनं बसून तेच पाणी पीत होत्या. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

जाईचे ओठ सुजले. तिला उलटी झाली.

"झोपू नको, पोरी. बोलत ऱ्हा," काका म्हणाले. त्यांचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते.

"काय बोलू?" जाई कण्हली. "पुजा... रविवारी वर्गातली पोरं फटाके आणणार आहेत. इथं वाजवायला."

चाळीस पोरं, आणि एकानंतर एकच पळता येईल अशी ती वाट!

भोगाचा धूर विरला, ऊन कलंडलं, घरघर वर परतली. आम्ही पोटावर सरपटत निघालो. मी काकांचा हात धरलेला, जाईनं माझी ओढणी. बाळापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जाईला सुई दिली, काकांच्या अंगातले काटे उपटले. "अजून तासभर उशीर झाला असता तर..." एवढंच ते म्हणाले. मी तिच्या आईच्या पाया पडले आणि तिथंच रडले.

शनिवारी सकाळी, एक डोळा बंद असतानाच, मी सभेत उभी राहिले.

"सहल रद्द करा. मी न बघता बोलले होते."

मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. सरांनी विचारलं, "म्हणजे धार आटलीच का, राठोड?"

"न्हाई, सर. आहे. करंगळीएवढी. पण ती पिणारे आधीच तिथं बसलेत."