सलामीचा बिगुल

"बिगुल कुठे आहे?" मंजिरीने शाळेच्या बँडला विचारलं.

उन्हाळ्याची सुट्टी असूनही बूढापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या शाळेत रोज सराव चालायचा. याच शाळेत शिकलेल्या मेजर जनरल सुनेत्राबाई आज संध्याकाळी येणार होत्या. त्यांच्या मानवंदनेची धून बिगुलाने सुरू होत होती, आणि कपाटात बिगुल नव्हता.

"काल शेवटी कोणी वाजवला?"

"मैंने," चिराग म्हणाला. "पर अलमारी में रख दिया था."

"बॅग दाखव."

मंजिरी बँडची प्रमुख होती. तिने त्याची बॅग सगळ्यांसमोर जमिनीवर ओतली. डबा, टॉवेल, घामट बनियन. कोणीतरी हसलं. चिरागने एकेक वस्तू उचलून आत भरली आणि तो निघून गेला.

थोड्या वेळाने बँडमधल्या पूर्णिमाने आपल्या आईचा मोबाइल मंजिरीपुढे धरला. "नरेंद्रकाकांचं स्टेटस बघ."

नरेंद्रकाका माजी विद्यार्थी संघाचे सचिव. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. स्टेटसवर त्यांच्या पुतण्याच्या कालच्या वरातीचा फोटो होता आणि त्यात बँडवाल्याच्या हातात एक बिगुल होता, शाळेच्या निळ्या गोंड्याचा.

काका शाळेच्या मांडवात फोनवर बोलत होते. पूर्णिमा गोड आवाजात म्हणाली, "काका, वरातीत बिगुल मस्त वाजला म्हणे."

"वाजणारच. शाळेचा आहे तो..." काका मधेच थांबले. "अरे देवा. त्या बँडवाल्याचा फुटला होता, म्हणून नेला. आणायचं विसरूनच गेलो."

मंजिरीने त्यांना स्कूटर काढायला लावली.

काकांच्या मागे बसून ती गुढियारी मोहल्ल्यात गेली. बँडवाल्याकडून बिगुल घेतला आणि जवळच चिरागचं घर गाठलं. त्याच्या आईने, मायाकाकूंनी, दार उघडलं. "काय झालं वो पोरी? आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला हा."

मंजिरीने खाली बघतच सगळं सांगितलं. "सॉरी, चिराग. वाजवशील ना?"

"बॅग सबके सामने खाली की थी," चिराग म्हणाला. "सॉरी यहाँ काहे बोल रही है?"

तरी तो आला.

संध्याकाळी त्याचा पहिला सूर उठला तशा सुनेत्राबाई सॅल्यूट करून ताठ उभ्या राहिल्या. धून संपल्यावर नरेंद्रकाका माइकवर म्हणाले, "हरवलेला बिगुल या हुशार मंजिरीने शोधला." टाळ्या वाजल्या. तिला त्या नकोशा झाल्या.

तिने माइक मागितला. "शोधला पूर्णिमाने. मी तर चिरागला चोर समजले. सगळ्यांसमोर त्याची बॅग ओतली. त्याने काहीच केलं नव्हतं." ती चिरागकडे वळली. "चिराग, माझं चुकलं."

कोणी टाळी वाजवली नाही. मग नरेंद्रकाका पुन्हा माइकजवळ आले, घाम पुसत. "बिगुल मीच नेला होता," ते म्हणाले.

सुनेत्राबाई मंचावरून खाली उतरून चिरागपाशी गेल्या. "छान वाजवतोस रे पोट्ट्या. पुन्हा ऐकव." मग मंजिरीकडे वळून म्हणाल्या, "बोललीस ते बरं केलंस. चल, इशारा दे त्याले."

मंजिरीने हात वर केला. चिरागने क्षणभर तिच्याकडे बघितलं, आणि बिगुल ओठांना लावला.